चक्क्याचं पाणी कुठे जातं?

टप्... टप्... टप्...

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री मी कऱ्हाडला ताईकडे होते. जेवणं आटोपली होती, ओटा पुसून झाला होता आणि स्वयंपाकघरात तेवढा एकच आवाज येत होता. ताईने संध्याकाळी दही पंचात बांधून खिडकीच्या गजाला टांगलं होतं. खाली स्टीलचं पातेलं. उद्या श्रीखंड! माझी भाची मुक्ता, सहावीतली, पातेल्यापाशी उकिडवी बसून थेंब मोजत होती. ४२ वर ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, दूध पांढरं, दही पांढरं, मग हे पाणी हिरवट-पिवळं का गं?"

दोस्तांनो, तुमच्याही घरी हे पाणी निघत असेल. कधी निरखून पाहिलंत? रंग खरंच हिरवट-पिवळा असतो, आणि तो कुठून बाहेरून येत नाही. तो दुधातच असतो. पण दुधात पांढऱ्या कणांची इतकी दाटी असते की बिचारा दिसतच नाही. दही गाळलं की पांढरं सगळं वर फडक्यात राहतं आणि रंग पाण्याबरोबर खाली उतरतो. या रंगाचं नाव रायबोफ्लेविन. आपण त्याला ब-२ जीवनसत्त्व म्हणतो.

त्याची एक गंमतही आहे. भाऊजींचं दुकान घराखालीच. नोट खरी की खोटी हे पाहायचा जांभळा दिवा असतो ना, तो आम्ही वर आणला. स्वयंपाकघरातला दिवा मालवला, वाटीत चक्क्याचं पाणी घेतलं आणि वरून तो जांभळा उजेड टाकला. (त्या दिव्याकडे थेट बघायचं नाही हं, फक्त वाटीकडे.) पाणी काजव्यासारखं हिरवट चमकायला लागलं! मुक्ताने एवढी मोठी किंकाळी फोडली की आतल्या खोलीतून तिचा दादा धावत आला.

हा आदी. यंदा बारावीची परीक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवसापासून जिमला जायला लागला. ओट्याच्या कोपऱ्यात त्याचा भलामोठा काळा डबा होता, आत पावडर आणि एक चमचा. मुक्ताने तो डबा फिरवून फिरवून वाचला. "दादा, घटकांमध्ये पहिलंच लिहिलंय, व्हे प्रोटीन. व्हे म्हणजे काय रे?"

आदी म्हणाला, "प्रोटीन असतं ते. मसल्ससाठी."

मी पातेल्याकडे बोट दाखवलं. "व्हे म्हणजे हे."

दोघांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे. टप्... टप्...

खरंच सांगते, दूध फाटलं, गोठलं किंवा विरजलं आणि त्यातला घट्ट भाग बाजूला काढला की जे पाणी उरतं ते व्हे. चीजच्या मोठमोठ्या कारखान्यांत ते किती उरत असेल बघा. १० लिटर दुधातून साधारण एक किलो चीज निघतं. म्हणजे जवळजवळ ९ लिटर पाणी शिल्लक! युरोप-अमेरिकेत पूर्वी हे पाणी डुकरांना घालायचे, शेतात सोडायचे, नाहीतर सरळ नदीत ओतायचे. आणि त्याने मासे मरायचे. हे पाणी विषारी नाही, उलट त्यात साखर भरपूर. दुधातली साखर, लॅक्टोज. ती खायला नदीतले जिवाणू तुटून पडायचे, भराभर वाढायचे आणि पाण्यातला सगळा प्राणवायू वापरून टाकायचे. माशांना श्वासच घेता येईना.

मग १९७०च्या दशकात एक विलक्षण गाळणी वापरात आली. ताईच्या पंचाची भोकं निदान डोळे बारीक करून दिसतात. या गाळणीची भोकं इतकी लहान की त्यातून पाणी जातं, साखर जाते, क्षार जातात, पण प्रथिनांचे रेणू अडकून बसतात. अडकलेली प्रथिनं मग गरम हवेच्या उंच टाकीत वरून फवारतात. थेंब खाली पोचेपर्यंत त्याची पावडर झालेली असते. जे पाणी फेकायचं कुठे हा प्रश्न होता, त्याचा असा डबा झाला.

आदीच्या एका चमच्यात २४ ग्रॅम प्रथिनं असल्याचं डब्यावर छापलं होतं. आम्ही गणित केलं. चीजच्या एक लिटर पाण्यात व्हे प्रथिनं जेमतेम सात ग्रॅम असतात. म्हणजे एका चमच्यासाठी साडेतीन लिटर पाणी गाळावं लागतं!

आदीचे डोळे लकाकले. "मग मी डबा कशाला आणतोय? हे पातेलंच पितो."

म्हटलं, थांब, आधी तपासू. व्हे प्रथिनं पाण्यात विरघळलेली असतात, पण चांगली तापवली की त्यांचे पांढरे कण होतात आणि पाणी गढूळ दिसतं. आम्ही वाटीभर चक्क्याचं पाणी छोट्या कढल्यात तापवलं. उकळी आली. आम्ही तिघं वाकून बघतोय. पाणी होतं तसंच, थोडासा कुठेतरी भुगा. बस्स.

"मग प्रोटीन गेलं कुठे?" मुक्ताने विचारलं.

हा या सगळ्या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

प्रथिन म्हणजे एक लांबच लांब धागा असतो. पण तो सरळ नसतो, लोकरीच्या गुंड्यासारखा नीट गुंडाळलेला असतो. उष्णता लागली की गुंडा सुटतो. सुटलेले धागे एकमेकांत अडकतात आणि पुन्हा पहिल्यासारखे गुंडाळले जात नाहीत. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग पाण्यासारखा पारदर्शक असतो आणि तव्यावर पडताच पांढरा घट्ट होतो, तो यामुळेच.

आता दुधाकडे या. दुधातल्या प्रथिनांचे १०० वाटे केले तर ८० वाटे केसिन आणि २० वाटे व्हे. चीजच्या कारखान्यात दूध फार तापवत नाहीत. सहसा ७२ अंशांवर १५ सेकंद, की लगेच गार. एवढ्यात व्हेचे गुंडे बहुतेक शाबूत राहतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. आपल्या घरी काय करतात? दूध आलं की पहिल्यांदा गॅसवर! उतू जाईपर्यंत तापवायचं, मग मंद आचेवर ठेवायचं, साय धरू द्यायची. त्या आचेत व्हेचे गुंडे सुटतात आणि शेजारच्या केसिनला जाऊन घट्ट चिकटतात. मग विरजण लावा, दही करा, टांगा. केसिन फडक्यात राहतं आणि त्याला बिलगलेलं व्हेही बहुतेक फडक्यातच राहतं.

म्हणजे दूध उकळताना आज्यांनी, पणज्यांनी नकळत केवढं काम केलंय! नासू नये, जंतू मरावेत म्हणून त्या दूध तापवत आल्या आणि जे पाण्यातून वाहून जायचं ते चक्क्यात बसलं. आदीच्या डब्यातला मुख्य माल खिडकीला टांगलेला होता.

(श्रीखंडात चक्क्याच्या बरोबरीने साखर पडते, म्हणून ते पाडव्या-दसऱ्यालाच. एरवी नुसतं दही घ्या. आणि चक्क्याचं पाणी ओतून देऊ नका! त्यात ब-२ आहे, कॅल्शियम आहे. ताई त्यात कणीक भिजवते, पोळ्या मऊ होतात.)

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आजोबा आले. म्हणजे ताईचे सासरे. तरुणपणी तालमीत जायचे. कऱ्हाडला लागूनच गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकलेले खाशाबा. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. या भागातल्या आजोबांच्या वयाच्या माणसांना त्यांचं नाव नुसतं घेतलं तरी ताठ बसावंसं वाटतं.

आजोबा डब्याला हात लावत म्हणाले, "आमच्याकडं ह्याला खुराक म्हणायचे. दूध, तूप, बदामाची थंडाई, भाकरी, मटण. पण आधी जोर-बैठका आणि आखाड्याची माती. घाम निघाला नाही तर खुराक अंगी लागत नाही."

आजोबांचं म्हणणं शरीरशास्त्रात तंतोतंत बसतं. स्नायूवर ताण पडला की त्याला निरोप मिळतो, की इथे जास्त बळकट बांधणी हवी. मग जास्त प्रथिनं तिथे कामाला लागतात. निरोपच नसेल तर प्रथिनं साठवून ठेवायला शरीरात कोठारच नाही. पिठासाठी जसा डबा असतो, चरबीसाठी जशी जागा असते, तशी प्रथिनांसाठी नसते. जास्तीच्या प्रथिनांमधला नायट्रोजन यकृत वेगळा काढतं, त्याचा युरिया होतो आणि मूत्रपिंडं तो लघवीतून बाहेर टाकतात. उरलेलं जळणासारखं वापरलं जातं, नाहीतर चरबी होऊन बसतं.

"पण प्रोटीन फक्त मसल्सचं असतं ना?" आदीने विचारलं.

छे! केस प्रथिनांचे, नखं प्रथिनांची. रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिन प्रथिन. जेवण पचवणारे पाचकरस, त्यांतही प्रथिनं. आणि हे सगळं सारखं मोडतं-बांधतं. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज पाव किलोच्या आसपास प्रथिनं मोडून पुन्हा नव्याने बांधली जातात. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं. जुन्यातला बहुतेक माल शरीर परत वापरतं, घट येते तेवढी जेवणातून भरायची. १८३८ साली डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांनी या पदार्थांना 'प्रोटीन' हे नाव छापील लेखात वापरलं. ते सुचवलं होतं स्वीडनच्या बर्झेलियस यांनी, 'पहिल्या मानाचं' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पहिला मान! पाटावर बसायला मिळावा तसा.

प्रथिनांचा धागा २० प्रकारच्या मण्यांचा असतो. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. त्यांतले नऊ आपल्या शरीराला बनवता येत नाहीत, ते खाण्यातूनच यावे लागतात. मण्यांऐवजी अक्षरं समजा. तुम्हाला 'कमळ' लिहायचंय. क ढीगभर, म ढीगभर, पण ळ एकच. किती कमळं होतील? एकच! बाकीचे क आणि म तसेच पडून. तांदूळ, गहू, ज्वारी यांच्यात लायसिन नावाचं अक्षर कमी असतं. डाळींमध्ये ते भरपूर, पण त्यांच्यात मेथिओनिन कमी, जे धान्यांमध्ये बऱ्यापैकी असतं. आता वरण आणि भात एका ताटात वाढा. पिठलं आणि भाकरी. मटकीची उसळ आणि पोळी. खिचडी! एकाचं उणं दुसरं भरून काढतं आणि कमळं पटापट उमलतात. दोन्ही एकाच घासात हवं असंही नाही, दिवसभरात मिळालं तरी चालतं.

मुक्ताला किती प्रथिनं लागतात? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये आकडे दिले आहेत. १० ते १२ वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला साधारण ३२-३३ ग्रॅम. मोठ्यांना वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या आदीला ५० ग्रॅमच्या आसपास, व्यायाम करतो म्हणून थोडी जास्त.

मुक्ताने वहीच घेतली. सकाळी पेलाभर दूध, सहा ग्रॅम. शेंगदाणे घातलेले पोहे, सहा-सात. शाळेचा पोषण आहार, सहावी ते आठवीसाठी त्यात २० ग्रॅम प्रथिनं असावीत असा नियमच आहे. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, सात. रात्री भाकरी पाच, वाटीभर आमटी पाच-सहा, थोडं दही तीन. बेरीज पन्नासच्या वर गेली! ती इतकी खूश झाली की पेन्सिलचं टोक मोडलं.

पण हे सगळं पोटात गेलं तर. एखाद्या मुलाचा दिवस चहा-बिस्किटं, कुरकुरीत पाकिटं आणि नुसता भात यांवरच जात असेल, तर वही रिकामी राहते. त्या मुलाची मला काळजी वाटते. त्याला पावडर नको, त्याला डाळ, अंडं, दूध, शेंगदाणे हवेत.

"पण प्रोटीन ते प्रोटीनच की, डब्यातलं काय आणि ताटातलं काय!" आदी अजून ऐकत नव्हता. त्याचा मुद्दा अगदीच चुकीचाही नाही. व्हेमध्ये नऊच्या नऊ अक्षरं आहेत आणि ते पचतंही लवकर. पण २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायाम करणाऱ्या १० तरुणांना त्यांनी एकदा अख्खी अंडी दिली आणि एकदा नुसता पांढरा भाग. प्रथिनं दोन्ही वेळा सारखीच, १८ ग्रॅम. तरीही अख्खी अंडी खाल्ल्यावर स्नायूंमध्ये नव्या प्रथिनांची बांधणी जास्त झाली. बलकातलं दुसरं काहीतरी मदत करत होतं. तरुण दहाच होते, म्हणजे प्रयोग लहान आहे, पण अन्न एकेकटं नसतं, घोळक्याने काम करतं हे त्यातून छान दिसतं. शेंगदाण्यात प्रथिनांबरोबर चांगलं तेल येतं, मटकीत लोह आणि चोथा येतो. डब्यात प्रथिनं येतात आणि बऱ्याचदा त्यांच्या सोबतीला चॉकलेटचा वास आणि गोडी.

आणि डब्यातलं मोजतात कसं, तेही बघा. डेन्मार्कच्या केल्डाल यांनी १८८३ मध्ये एक पद्धत शोधली. पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. पद्धत हुशार आहे, पण ती नायट्रोजन मोजते, प्रथिन नाही. लबाड माणूस त्यात दुसराच स्वस्त नायट्रोजनवाला पदार्थ मिसळू शकतो. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात असंच मेलामाइन मिसळलं गेलं. लाखो बाळं आजारी पडली, काही दगावली. म्हणून पावडर घ्यावीच लागली तर ती कुठली, कोणी तपासलेली, हे पाहावंच लागतं. उसळीची मटकी मात्र भिजत घालताना, मोड येताना तुम्ही स्वतः पाहिलेली असते.

पावडर कोणालाच नको असं नाही. घास गिळता न येणारे आजारी आजी-आजोबा, खूप मेहनत करणारे आणि जेवायला वेळ न मिळणारे खेळाडू, यांना डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ती देतात आणि तिचा उपयोगही होतो. पण २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने सगळ्यांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, निरनिराळे पदार्थ एकत्र खाऊन प्रथिनं मिळवा, असं स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्या वयाच्या मुलांनी तर दादाच्या डब्यात परस्पर चमचा घालायचाच नाही.

दुसऱ्या दिवशी गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली आणि ऊन उतरल्यावर आजोबा आम्हाला शेतावर घेऊन गेले. उन्हाळी भुईमूग दोन महिन्यांचा झाला होता, पिवळी फुलं लागली होती. मी आजोबांना विचारून एक रोप अलगद उपटलं आणि मुळांवरची माती झटकली.

मुळांवर बाजरीएवढ्या गाठी होत्या, कितीतरी! मी एक गाठ नखाने चिरली. आत गुलाबी.

"रक्त?" मुक्ता दचकलीच.

जवळजवळ तसंच! त्या गुलाबी रंगाचा पदार्थ आपल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद आहे. गाठीत रायझोबियमच्या जातकुळीतले जिवाणू राहतात. आपल्या भोवतीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. आपण तो प्रत्येक श्वासात आत घेतो आणि तसाच सोडून देतो, कारण तो वापरायची कला आपल्याला येत नाही. या जिवाणूंना येते. ते हवेतला नायट्रोजन पकडून रोपाला देतात, रोप त्यांना साखर देतं. त्या नायट्रोजनपासून शेंगेत प्रथिनं तयार होतात.

आदी उकिडवा बसला. खूप वेळ ती गाठ बघत होता. "मावशी, मग माझ्या डब्यातला नायट्रोजन?"

"गाईच्या दुधातला. गाईने तो चाऱ्यातून घेतला. काही खतातून आला असेल आणि चाऱ्यात लसूणघास असेल तर काही अशाच गाठींमधून."

त्याने माझ्या हातून रोप घेतलं, बोटांनी खड्डा केला, मुळं नीट पसरून आत ठेवली आणि माती लोटली. मुक्ता पाटातून ओंजळीने पाणी आणत होती. निम्मं वाटेतच सांडत होतं, ती पुन्हा पळत होती.